कोरड्याहून कोरडी वाफ

थोरल्या मुलीचे लग्न झाले, त्याच वर्षी रुग्णालयाने नवा नियम काढला. ज्याच्याकडे बॉयलरचालकाचे प्रमाणपत्र नाही, त्याने यापुढे बॉयलरला हात लावायचा नाही. भट्टीकाकांचे उभे आयुष्य बॉयलरला हात लावण्यात गेले होते. सगळे रुग्णालय त्यांना याच नावाने हाक मारी. कोळशाची भट्टी जाऊन तेलावरचा बॉयलर आला त्याला कितीतरी वर्षे झाली होती, पण नाव काही बदलले नाही. वाफेचा नुसता आवाज ऐकून ती खुशीत आहे की रुसली आहे, हे काका सांगू शकत. ती किलोमागे किती किलोज्यूल ऊर्जा घेऊन निघाली आहे, हे मात्र त्यांना आजवर कोणी विचारले नव्हते.

परीक्षेत तेच विचारले. परीक्षक उंच, काटक आणि गंभीर होते. त्यांनी काकांना समोर बसवून एकच गणित घातले. दाबमापकावर सात बार, वाफ ओली, कोरडेपणा नव्वद टक्के. तर एका किलो वाफेत ऊर्जा किती? सोबत आकड्यांनी खच्चून भरलेले वाफेचे कोष्टक दिले. काकांनी ते बराच वेळ पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि उत्तर दिले, "भरपूर."

परीक्षकांनी चेहऱ्यावरची रेघ न हलवता पुढच्या उमेदवाराला बोलावले.

नापास झालेल्याला एक संधी आणखी होती आणि तोवर बॉयलरवर राहायची मुभा होती. तीही गेली, तर बॉयलर सोडून धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालायच्या. काम वाईट नव्हते. पण धुलाईखात्याचा प्रमुख होता काकांच्या बायकोचा धाकटा भाऊ. ज्याला काकांनी सायकल शिकवली, ज्याचे नाक पुसले, त्याच्या हाताखाली घड्या घालायच्या. बरे, मेहुणा खवचट असता तरी एक वेळ चालले असते. तो मनाने फारच चांगला होता. नियम निघाल्यापासून त्याने घड्यांच्या टेबलापाशी एक गादीचे स्टूल आणून ठेवले होते आणि वरचा पंखा दुरुस्त करून घेतला होता. कोणी विचारले तर "असू दे, लागेल कोणाला तरी," एवढेच म्हणे. त्या स्टुलावरून नजर गेली की काका वाट बदलून जात.

म्हणून नापास झाल्याचे त्यांनी घरी सांगितलेच नाही. निकाल अजून लागायचाय, सरकारी काम आहे, वेळ लागतो, असे सांगून त्यांनी विषय मिटवला आणि बॉयलरच्या आडोशाला बसून अभ्यास सुरू केला. अक्षरओळख त्यांना उशिरा, लग्नानंतर झालेली. वाचताना ओठ हलायचे. पण गाडी अडली ती वाचनापाशी नाही, कोरडेपणापाशी. वाफ ती वाफ. ती ओली कशी असेल? आणि ओली असेल तर पुन्हा नव्वद टक्के कोरडी कशी?

पुस्तकात एक युक्ती दिली होती. बादलीत थंड पाणी मोजून घ्यायचे, त्यात वाफ सोडायची, पाण्याचे वजन किती वाढले आणि ते किती तापले हे पाहायचे. त्यावरून वाफेचा कोरडेपणा काढता येतो. काकांचा जीव भांड्यात पडला. जे काम हातातून जाते ते डोक्यात बसते, असा त्यांचा अनुभव होता. रुग्णालयात हा प्रयोग करणे शक्य नव्हते, चारचौघांनी पाहिले असते. मग परीक्षेच्या आदल्या दिवशी रजा टाकून, बायको थोरलीकडे गेल्याचे पाहून, त्यांनी स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर उचलला.

मागच्या गॅलरीत छोट्या शेगडीवर कुकर चढला. शिट्टी काढून तिच्या जागी रबरी नळी बसली, नळीचे दुसरे टोक बादलीत गेले. वजनकाटा शेजारणीकडून आणला. अडचण आली ती तापमान मोजण्याची. घरात तापमापी एकच होती, तापाची. ती बेचाळीसच्या वर जात नाही. पण काका काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. पाणी शेवटी कोमटच राहील अशा बेताने त्यांनी बादली भरली.

पहिल्या खेपेला अंदाज थोडा चुकला, पाणी जरा जास्त तापले आणि पारा थेट टोकाला जाऊन बसला. काकांनी बादलीत आणखी थंड पाणी घेतले आणि पुन्हा वाफ सोडली. पारा टोकालाच. तिसऱ्यांदा तर पाणी हाताला गारच लागत होते, तरी पारा टोकाला. तापाच्या तापमापीतला पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही, हे त्यांना माहीत नव्हते असे नाही. पण मुलींच्या आजारपणात झटकायचे काम बायको करी आणि वाचायचे काम काका. आपल्या वाटणीचे काम त्यांनी चोख केले. हाताला गार लागणाऱ्या पाण्यापेक्षा आकड्यावर विश्वास ठेवायचा, हे त्यांनी नुकतेच पुस्तकातून शिकले होते.

ओल्या अंगाने पुढच्या खोलीत पलंगावर बसून त्यांनी गणित मांडले. उत्तर आले, कोरडेपणा एक पूर्णांक चार. पुस्तक सांगत होते, कोरडेपणा जास्तीत जास्त एक. एक म्हणजे शंभर टक्के, वाफेत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. काकांची वाफ कोरड्याहून कोरडी निघाली होती. क्षणभर त्यांना बायकोच्या कुकरचा अभिमान वाटला. मग घाम फुटला. तेवढ्यात गॅलरीत नळी निसटली, ती पुन्हा बसवायला गेलेल्या काकांच्या तोंडावर वाफेचा झोत आला, आणि लालभडक चेहऱ्याने, भिजलेल्या केसांनी ते परत येऊन आकड्यांत बुडाले.

थोरली घरी नव्हती म्हणून बायको लवकर परतली. तिने दारातूनच पाहिले. नवरा पलंगाच्या कडेला, अंगातला सदरा चिंब, डोळे तांबारलेले, ओठ पुटपुटताहेत.

"अहो, काय होतंय तुम्हाला?"

"चारशे सतरा," काका तंद्रीत म्हणाले. "आणि दोन हजार दोनशे अठ्ठावन्न."

तिने त्यांच्या मुठीतली तापमापी काढून उजेडात धरली आणि तिच्या तोंडचे पाणी पळाले. बेचाळीस. आता वाचायचे काम ती करत होती आणि झटकायचे कोणालाच सुचले नाही.

पुढे सगळे फार झपाट्याने झाले. तिने शेजारणीला हाक मारली. शेजारीण आपला वजनकाटा न्यायला आलीच होती. तिने सांगितले की इतक्या तापात माणूस आकडे बडबडतो, तिच्या सासऱ्यांनीही शेवटी आकडेच बडबडले होते. बायकोने भावाला फोन लावला. भाऊ तसाच उठला, रुग्णालयाच्या दारात उभी असलेली रुग्णवाहिका घेऊनच आला. काका सांगत होते, मला ताप नाही. पण तापलेली माणसे हेच सांगतात, हे सगळ्यांना ठाऊक होते. मग तापमापीचे काय, असे मेहुण्याने विचारले. खरे सांगायचे तर कुकर सांगावा लागला असता, कुकरमागे बादली, बादलीमागे परीक्षा, आणि परीक्षेमागे ते नापास होणे. तेही मेहुण्यासमोर. काकांनी तोंड उघडले, मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी पाहिले आणि पुन्हा मिटले. रुग्णवाहिकेत झोपल्यावर ते एकदाच म्हणाले, "अरे, तो भोंगा तरी बंद कर." ते ऐकून बायको आणखीच रडली, कारण आवाज सहन न होणे हेही वाईट लक्षण असते असे शेजारीण म्हणाली होती.

रुग्णालयात डॉक्टरांनी आपली तापमापी लावली. छत्तीस पूर्णांक आठ. डॉक्टर गंभीर झाले. ताप असता तर त्यांनी गोळी दिली असती. पण बेचाळीसवरून अर्ध्या तासात पाच अंश खाली म्हणजे काय? त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावले, मोठ्या डॉक्टरांनी शिकाऊ डॉक्टरांना, आणि काकांच्या पलंगाभोवती गर्दी झाली. कुणी जीभ पाहिली, कुणी गुडघ्यावर हातोडी मारली. असा ताप फार क्वचित आढळतो, असे ठरले. दोन दिवस हलायचे नाही, हेही ठरले.

"साहेब, उद्या सकाळी माझं काम आहे," काका म्हणाले.

"जिवापेक्षा कसलं काम," मोठे डॉक्टर म्हणाले आणि निघून गेले.

काकांनी डोळे मिटले. उद्याची संधी गेली, आता स्टूल, आता पंखा. कूस बदलून पाहतात तो शेजारच्या पलंगावर, गळ्यापर्यंत चादर ओढून, परीक्षक.

तो भास नव्हता. परीक्षा घ्यायला म्हणून ते आदल्या दिवशीच गावात आले होते, प्रवासात छातीत कफ भरला, आणि खरा, प्रामाणिक, एकोणचाळीस अंशांचा ताप अंगात घेऊन इथे पडले होते. म्हणजे उद्याची परीक्षा आपोआप पुढे ढकललेली होती. काकांना हसू आले आणि त्या हसण्याची लाजही वाटली. त्यांनी भिंतीकडे तोंड केले.

संध्याकाळी बायको घरून कपड्यांची पिशवी घेऊन आली. मधल्या काळात तिने मागची गॅलरी पाहिलेली दिसत होती. टॉवेल, सदरा, कंगवा असे एकेक काढून तिने पिशवीच्या तळातून वाफेचे कोष्टक काढले आणि हळूच उशीखाली सरकवले.

"तापावरचं औषध आणलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "झोपायच्या आधी घ्या. आणि कुकरचं रबर नवं आणून द्यायचं, सांगून ठेवते."

पाठोपाठ मेहुणा आला तो चादर चाचपत. "भावोजी, तुम्ही नाही तर बघा काय झालंय. वाफेवरच्या इस्त्रीच्या रुळातून चादरी ओल्याच बाहेर पडतायत. सगळ्या वॉर्डांत बोंब आहे."

काकांच्या जागी जो बदलीवाला होता, तो भित्रा होता. पाणी कमी पडून बॉयलर फुटेल या भीतीने त्याने पातळी दाखवणाऱ्या काचनळीत पाणी वरपर्यंत चढवून ठेवले असणार. मग वाफ निघताना पाणी बरोबर ओढून नेते. काकांनी मेहुण्याला सांगितले, पाणी अर्ध्यावर आण म्हणावं, बाकी काही करू नको. मेहुणा धावत गेला.

शेजारच्या पलंगावरून हात बाहेर आला. त्याने आपली चादर बोटांत चुरगाळून पाहिली.

"पंच्याऐंशीच्या वर नाही," परीक्षक छताकडे पाहत म्हणाले.

"काय, साहेब?"

"कोरडेपणा." मग त्यांनी मान वळवली. "तुम्ही ते 'भरपूर' ना?"

काकांनी कबूल केले. आता लपवण्यासारखे काही उरलेच नव्हते, म्हणून थोरलीचे लग्न, नवा नियम, कुकर, बादली, तापमापी, एक पूर्णांक चार, सगळे सांगून टाकले. परीक्षक हसले नाहीत. हसले असते तर खोकला उसळला असता. त्यांनी फक्त चादर तोंडावर ओढली आणि ती बराच वेळ हलत राहिली. मग चादरीआडूनच सांगितले की उमेदवाराशी परीक्षेच्या विषयावर एक शब्दही बोलणे त्यांना नियमाने मना आहे, तेव्हा काकांनी खुशाल आपले काम करावे, ते झोपले आहेत असे समजावे.

काकांनी कोष्टक काढले आणि पुटपुटत गणित सुरू केले. दाब सात. सातची ओळ. परीक्षक खोकले. काका थांबले. पुन्हा सातवर बोट ठेवले. परीक्षक पुन्हा खोकले, जरा जोरात. काकांनी विचार केला. दाबमापक बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो. हवेचा एक बार त्यात मिळवायचा असतो. बोट आठच्या ओळीवर गेले. खोकला थांबला. पाण्याची उष्णता सातशे एकवीस, वाफ व्हायला लागणारी दोन हजार अठ्ठेचाळीस. शांतता. दोन्हींची बेरीज करून तिला नव्वद टक्क्यांनी गुणायचे. खोकला.

इथून पुढे पंचाईत झाली, कारण परीक्षकांना कफ खरोखरच होता. कोणता खोकला गणिताचा आणि कोणता छातीचा, हे कळेना. एकदा काकांनी साधा गुणाकार बरोबर केला, तर परीक्षकांना अशी उबळ आली की काकांनी तो खोडून चार वेळा केला आणि चारदा वेगळे उत्तर काढले. शेवटी परिचारिका आली, तिने परीक्षकांना कडू औषध पाजले आणि काकांना दटावले की आजारी माणसाजवळ बडबड करू नका.

ती गेल्यावर परीक्षक उठून बसले. चुकलेले गणित हवेत तसेच सोडून झोपणे त्यांना जमत नव्हते.

"तुमच्या मुलीचं लग्न झालं म्हणालात. माणसं किती बोलावली होती?"

"बरीच, साहेब."

"आली सगळी?"

"दारापर्यंत आली सगळी. पण दहातली नऊ आत येऊन बसली, एक आपला दारातूनच तोंड दाखवून गेला. माझ्याकडच्यांची तीच तऱ्हा."

"मग दारापर्यंत आणायचा खर्च कितीजणांचा?"

"सगळ्यांचा. गाड्या मीच केल्या होत्या."

"आणि जेवणाचा?"

"नऊजणांचा." काका बोलायचे थांबले. कोष्टकाकडे पाहिले. पाणी उकळीपर्यंत सगळेच आले, ते सातशे एकवीस पूर्ण धरायचे. आत जाऊन वाफ झाले दहातले नऊ, म्हणून नव्वद टक्के फक्त दोन हजार अठ्ठेचाळीसचे. एक हजार आठशे त्रेचाळीस. बेरीज दोन हजार पाचशे चौसष्ट. दारातला तो दहावा पाहुणा म्हणजे वाफेतले ओले थेंब, आणि बायकोच्या कुकरमधून निघणे शक्यच नव्हते ते म्हणजे दहा बोलावल्यावर चौदा जेवून जाणे.

"दोन हजार पाचशे चौसष्ट," ते म्हणाले.

परीक्षकांनी पांघरूण ओढून घेतले. "मी लग्नाबद्दल बोललो. वाफेबद्दल मी एक अक्षर बोललेलो नाही. लक्षात असू द्या."

बरे होऊन गेल्यावर त्यांनी पहिले काम केले ते हे, की या उमेदवाराची परीक्षा मी घेऊ शकत नाही, आम्ही एका वॉर्डात होतो, असे वरिष्ठांना कळवले. काकांना ते समजले तेव्हा पुन्हा पाचावर धारण बसली. नव्या परीक्षक एक बाई होत्या, झटपट बोलणाऱ्या. त्यांनी दाब नऊ दिला, कोरडेपणा पंच्याण्णव टक्के. काकांनी नवात एक मिळवला, दहाची ओळ धरली आणि बाईंकडे पाहत थांबले. मग पाण्याचा आकडा लिहिला आणि पुन्हा थांबले. गुणाकाराला हात घालण्याआधी तर बराच वेळ थांबले.

"काय झालं? अडलंय का?"

"नाही मॅडम. तुम्हाला खोकला वगैरे नाही ना?"

"नाही."

"मग बरोबर असणार," म्हणून काकांनी गणित पुरे केले. बाईंनी उत्तर तपासले, शिक्का उमटवला, आणि हा माणूस इतका आस्थेने आपल्या प्रकृतीची चौकशी का करतो आहे, याचे त्यांना नवल वाटले.

प्रमाणपत्र घेऊन काका आधी धुलाईखात्यात गेले. सगळे एकदाच सांगून मोकळे व्हायचे त्यांनी ठरवले होते. पहिल्यांदा नापास झालो होतो, ताप कधी नव्हताच, तो बादलीचा होता, हे एका दमात मेहुण्याला सांगितले. मेहुणा चादरीची घडी घालत ऐकत होता.

"नापास झालात ते माहीत होतं, भावोजी. तुमचा निकाल कार्यालयातून माझ्याकडेच आला होता. ताईलाही मी तेव्हाच सांगितलं."

काका स्टुलावर बसले. पहिल्यांदाच. "आणि मग त्या दिवशी रुग्णवाहिकेत बोलला का नाहीस? मी सगळ्या वाटेत तेच लपवत होतो."

"बेचाळीस ताप होता तुम्हाला," मेहुणा म्हणाला. "अशा माणसाला नापास झाल्याची आठवण कोण करून देईल?"

काकांनी वरचा पंखा लावला. थोडा वेळ पंख्याखाली बसून ते पाळीवर गेले, आणि निवृत्त होईपर्यंत बॉयलरवरच राहिले. जुने परीक्षक दर वर्षी बॉयलरच्या तपासणीला येत. काम संपले की दोघे बाहेर बाकावर बसत. मुलीचे कसे चालले आहे, एवढे परीक्षक विचारत. वाफेबद्दल दोघेही बोलत नसत.

थोरलीला दुसरा मुलगा झाला, त्या वर्षी जानेवारीत परीक्षक न्यूमोनियाने वारले. भट्टीकाका त्यानंतर नऊ वर्षांनी, ऑगस्ट महिन्यात, सकाळी घरी वारले.